हॉल तिकिटाची मागची बाजू

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या सत्राचा तो तिसरा पेपर होता, स्पेक्ट्रोस्कोपीचा. मी अकोल्यात खोली करून राहत होते. घर दर्यापूरला. बाबा एस.टी.त कंडक्टर, आई घरी, आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठी ताई तिथंच अंगणवाडीत.

परीक्षा केंद्राच्या फाटकाशी बॅग जमा केली आणि मोबाईल बंद करणार, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"बाबांचा रिपोर्ट आला व. इथले डॉक्टर म्हणतात, अकोल्याले किडनीच्या डॉक्टरले इचारून घ्या. तू तिथंच हायेस, पेपर झाला की जाऊन ये. लिहून घे पटकन."

"ताई, मी आत चालली. फोटो पाठव न."

"रिपोर्ट बाबांच्या खिशात हाये, अन् बाबा निंगाले ड्युटीवर. म्या चिठ्ठीवर उतरवून घेतलं तेवढं सांगतो. लिही."

वही बॅगेत गेली होती. हातात कंपास, पेन आणि हॉल तिकीट, एवढंच. मी तिकीट उलटं केलं. ताई एकेक अक्षर सांगत गेली आणि मी भिंतीला टेकवून लिहीत गेले. सीआर दोन पॉईंट आठ, यू चौऱ्याहत्तर, के पाच पॉईंट चार, एनए एकशे एकतीस. फोन बंद केला, जमा केला आणि पळत वर्गात जाऊन बसले.

तासाभरानं भरारी पथक आलं. दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजचे तीन प्राध्यापक. पथक आलं की सगळा वर्ग आपोआप ताठ होतो. मीही झाले, पण मला भीती नव्हती. कंपास उघडून दाखवली, ओढणी झटकून दाखवली. त्यातल्या एका सरांनी बाकावरचं हॉल तिकीट उचललं, पुढून पाहिलं आणि उलटवलं.

"हे काय आहे?"

"सर, माझ्या बाबांचा रक्ताचा रिपोर्ट."

"सीआर, यू, के, एनए," ते मोठ्यानं वाचू लागले. "क्रोमियम, युरेनियम, पोटॅशियम, सोडियम. रसायनशास्त्राच्या पेपरात. आणि हा रक्ताचा रिपोर्ट?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला सीआर म्हणजे क्रिएटिनिन, यू म्हणजे युरिया, हे सांगायचं होतं, पण तोंडातून शब्दच येईना.  सरांनी माझी उत्तरपत्रिका घेतली, तिच्यावर लाल पेनानं वेळ लिहिली, तिला तिकीट टाचलं आणि मला नवी कोरी उत्तरपत्रिका दिली. "उरलेला पेपर यात लिहा. सुटल्यावर केंद्राधिकाऱ्यांकडे जबाब द्यायचा."

त्या कोऱ्या उत्तरपत्रिकेत मी काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

जबाबाचा छापील फॉर्म होता. 'विद्यार्थ्याकडे सापडलेले साहित्य' या ओळीपुढं सरांनी आधीच लिहून ठेवलं होतं: हॉल तिकिटावरील हस्तलिखित मजकूर. खाली मी माझं म्हणणं लिहिलं. आकडे वडिलांच्या रक्ततपासणीचे आहेत, पेपरशी त्यांचा संबंध नाही. सही केली. ते खरंच होतं, पण पूर्ण नव्हतं.

त्या सकाळी खोलीवर उजळणी करताना मी त्याच तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं एक सूत्र लिहिलं होतं. कच्चा कागद हाताशी नव्हता आणि ते सूत्र डोक्यात राहत नव्हतं, म्हणून. निघताना खोडलं. रबरानं शिसं गेलं, पण पेन्सिलीचा दाब कागदावर राहिला होता. तिकीट तिरपं धरलं असतं तर ते कुणालाही वाचता आलं असतं. पथकाच्या सरांनी धरलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या बाईंना विचारलं, आता पुढं काय होतं. चांगल्या होत्या बाई, पण त्यांना गोड बोलणं जमत नसे.

"तुझं प्रकरण अमरावतीले विद्यापीठात जाईन. निकाल राखून ठेवतील. मंग समितीपुढे बोलावतील. समितीले पटलं तं सुटशील, नाई तं अख्खं सत्र रद्द. लई वाटलं तं पुढच्या परीक्षेलेबी बसू देत नाईत."

"पण बाई, मी कॉपी केली नाही."

"मले नको सांगू. कागद घेऊन जा. रिपोर्ट असन न तुझ्यापाशी?"

नव्हता. 

पेपरच्याच दिवशी संध्याकाळी ताईचा फोन आला होता. "इचारलं काय डॉक्टरले?" आकडे तिकिटावर होते आणि तिकीट जप्त झालं होतं. परत सांग म्हटलं असतं तर तिनं काहून म्हणून विचारलं असतं, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं. घरातली पदवीच्या पुढं शिकणारी पहिली मुलगी कॉपीत पकडली गेली. बाबांच्या डेपोत ही गोष्ट एका दिवसात सगळ्यांना कळली असती.

मी म्हणाले, "हो, दाखवलं. सध्याच्या गोळ्या तशाच चालू ठेवा म्हणाले."

"बरं झालं व माय," ताई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडल्याचं मला फोनवरसुद्धा ऐकू आलं.

तेव्हा वाटलं होतं, दोन-चार दिवसांत काहीतरी निमित्त काढून आकडे पुन्हा मागून घेईन आणि डॉक्टरकडे जाईन. पण दर दिवसाबरोबर ते खोटं घट्ट होत गेलं. केंद्रानं दिलेल्या दुय्यम हॉल तिकिटावर बाकीचे पेपर दिले. निकाल लागला. वर्गातल्या सगळ्यांच्या नावापुढं गुण आणि माझ्या नावापुढं 'राखीव'.   सात आठवडे गेले. त्यात बाबांच्या रिपोर्टचा विचार मी किती वेळा केला, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं आहे: केला, पण पुरावा म्हणून.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता समितीपुढं हजर राहावं, सोबत पुराव्याची मूळ कागदपत्रं आणावीत. मूळ रिपोर्ट घरी होता. शेवटी ताईला फोन केला आणि पथक, तिकीट, पत्र सगळं सांगितलं. डॉक्टरकडे गेलेच नव्हते, तेवढं मात्र सांगितलं नाही, आणि ताईच्याही ते ध्यानात आलं नाही.  ती म्हणाली, "बाबांले सांगा लागीन. रिपोर्ट त्यायच्यापाशीच हाये."

मला वाटलं होतं, ताई रिपोर्ट कुणाच्या हाती पाठवेल. आदल्या दिवशी दुपारी दार वाजलं तर बाहेर बाबा उभे. पायावर सूज होती. चपलेचा पट्टा त्यांनी सैल करून घातला होता. काखेत प्लास्टिकची फाईल. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडतेस काहून? आमच्या गाडीतबी चेकिंग चढते. माह्यावर दोनदा चौकशी झाली हाये. भ्यायचं नाई. इचारलं तेवढंच सांगजो."

सकाळच्या बसनं अमरावतीला गेलो. मूर्तिजापूर, बडनेरा. बाबांनी खिडकीची जागा मला दिली. रस्ताभर मी एकच गोष्ट मनात घोळवत होते: विचारलं तेवढंच. त्यांनी तिकीट तिरपं धरलं नाही तर सूत्राचं सांगायचं नाही.

विद्यापीठात परीक्षा विभागाच्या लांब व्हरांड्यात पंधरा-वीस मुलंमुली बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शिपाई नाव नाही, फक्त आसन क्रमांक पुकारायचा. माझ्या आधी गेलेली मुलगी बाहेर आली ती थेट जिन्याकडं गेली; तिची फाईल बाकावरच राहिली. बाबांनी उठून ती तिला नेऊन दिली.

माझा क्रमांक पुकारला. आत तिघं होते. मधोमध पिकल्या केसांच्या एक मॅडम, त्या अध्यक्ष. दोन्ही बाजूंना दोन सर. टेबलावर माझं तिकीट, माझी उत्तरपत्रिका. मी रिपोर्ट पुढं ठेवला. मॅडमनी तिकिटावरचा आणि रिपोर्टमधला एकेक आकडा बोटानं जुळवला. चारही जुळले. तारीखही पेपरच्या आदल्या दिवसाची होती. 

आणि मग मॅडमनी तिकीट उचलून खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं.

"इथं पेन्सिलीनं लिहून खोडलंय. काय आहे हे?"

खोटं बोलायचं माझ्या मनातही आलं नाही. प्रामाणिकपणामुळं नव्हे, घाबरले होते म्हणून. आणखी एक खोटं सांभाळायची ताकदच राहिली नव्हती. "सूत्र आहे मॅडम. रोटेशनल कॉन्स्टंटचं. सकाळी पाठ करत होते. नंतर खोडलं."

"जबाबात लिहिलं नाही."

"नाही मॅडम. घाबरले."

डावीकडचे सर प्रश्नपत्रिका चाळत म्हणाले, "यावर प्रश्न आहे. पाच गुणांचा." आता संपलं, असं मला वाटलं. ज्या क्षणाची सात आठवडे भीती होती तो आला होता आणि मी उभीच होते, एवढंच कळत होतं.

मॅडमनी माझी पहिली उत्तरपत्रिका उघडली. दोन पानं उलटली. तिकीट पुन्हा उजेडात धरलं, पुन्हा पान पाहिलं. मग ते पान दोन्ही सरांपुढं सरकवलं.

"तिकिटावर छेदात आठ पाय वर्ग आहे. ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उत्तरात हिनं चार पाय वर्ग लिहिलंय. त्यामुळं पुढचं सगळं गणित चुकलंय."

उजवीकडच्या सरांनी चष्मा वर केला. "समोर बरोबर सूत्र असताना चुकीचं लिहिलं?"

"म्हणजे पाहिलं नाही," मॅडम म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. माझं उत्तर चुकलं होतं म्हणून मी वाचणार होते, हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

मॅडम मात्र पुन्हा रिपोर्टकडं वळल्या होत्या. "वडील सोबत आलेत का? बोलवा त्यांना." बाबा आत आले, हात जोडून उभे राहिले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. त्यांची नजर बाबांच्या पायांवर गेली.

"हा रिपोर्ट चांगला नाही. डॉक्टरांना दाखवलात ना?"

"हो तं मॅडम," बाबा अभिमानानं म्हणाले. "इनंच दाखवला अकोल्यात. पेपरच्या दिवशी. त्याच गोळ्या चालू ठेवा म्हणले."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. पेपरच्या दिवशी आकडे जप्त झाले होते, हे त्यांना ठाऊक होतं.  

"नाही बाबा," मी म्हणाले. "मी गेलीच नाही. तिकीट त्यांच्यापाशी होतं. मी ताईले खोटं सांगितलं."

बाबा माझ्याकडं पाहत राहिले. मग समितीकडं वळून म्हणाले, "पोट्टी भेली होती, मॅडम." एवढंच. माझ्यासाठी त्यांनी समितीपुढं केलेलं निवेदन ते तेवढंच.

निर्णय पत्रानं कळवू, असं सांगून आम्हाला सोडलं. परतीच्या बसमध्ये बाबांनी फाईल मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. अकोल्यात उतरल्यावर मी म्हणाले, आधी डॉक्टरकडं जाऊ. ते सोबत आले. दवाखान्यात नव्यानं रक्त घेतलं. दोन पॉईंट आठचं क्रिएटिनिन आता तीन पॉईंट सहा झालं होतं. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट, नवा रिपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, "मधले दोन महिने काय करत होतात?" बाबा म्हणाले, "ड्युटी होती साहेब." दुखण्याच्या गोळ्या, ज्या ते कंबरेसाठी वर्षानुवर्षं घेत होते, त्या किडनीला घातक म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केल्या. आधी बंद झाल्या असत्या तर किती फरक पडला असता, हे मी विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

महिन्यानं विद्यापीठाचं पत्र आलं. गैरप्रकार सिद्ध होत नाही. हॉल तिकिटावर लिहिल्याबद्दल सक्त ताकीद. स्पेक्ट्रोस्कोपीत मी काठावर पास झाले. परीक्षा विभागातल्या बाईंनी चौथ्या सत्राचा फॉर्म पुढं केला, म्हणाल्या, "भर पटकन, आज शेवटची तारीख हाये." मी तिथंच उभ्यानं फॉर्म भरला आणि सही केली.

बाबांच्या क्रिएटिनिनचा आकडा तीनच्या आसपास थांबला आहे. दर तीन महिन्यांनी ते तपासायला अकोल्याला येतात आणि मी सोबत जाते. रिपोर्टची फाईल मात्र ते माझ्या हातात देत नाहीत. डॉक्टरांसमोर स्वतः उघडतात, स्वतः मिटतात आणि काखेत धरून बसस्टँडकडं माझ्यापुढं चालू लागतात.