वहिनीने शिकवलेलं ‘नाही’

माझ्या नाकावर राग आणि आमच्या वहिनीच्या डोक्यावर बर्फ. एका घरात दोघी कशा नांदता, असं लोक विचारतात. ती मला ‘मिरची’ म्हणते आणि मी ऐकून घेते, एवढ्यावरून काय ते समजा.

वहिनी एका रक्ततपासणीच्या लॅबचे कॉम्प्युटर सांभाळते. शाखा शहरभर, आणि ही बसलेली आमच्या पुढच्या खोलीत, पाय स्टुलावर टाकून. तिकडे कुणाचा प्रिंटर रुसला की ही इथून त्याच्या पडद्यावर शिरते, बाण फिरवते आणि काम उरकून बाहेर पडते. सुरुवातीला माऊस आपोआप हलतोय बघून एका शाखेतली बाई खुर्ची सोडून पळाली होती. तेव्हापासून तिकडे हिचं नाव ‘भूतबाई’. लागली होती साधी टायपिस्ट म्हणून. बाकीचं सगळं धडपडून शिकली, कुणी बोट धरलं नाही. म्हणून ते काम तिला जिवापाड प्यारं.

फक्त एका बाबतीत ती महाकडक. मागे एका शाखेत फोनवरच्या भामट्याने गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा घेतला आणि लोकांचे रिपोर्ट पळवले. मग वहिनीने सगळ्यांकडून धडा घोटून घेतला. पडद्यावर कसलीही चौकट परवानगी मागायला आली की ‘नाही’ दाबायचं. फोनवर कुणी सांगितलं तरी नाही. “अगदी मी सांगितलं तरी नाही,” असं वहिनी बजावायची.

तर झालं असं, की सुट्टीच्या दिवशी सगळ्या कॉम्प्युटरवर सिस्टीमचं नवं अपडेट बसलं. दुसऱ्या दिवशी वहिनीने आपलं सॉफ्टवेअर उघडलं. सगळ्या शाखांपुढे हिरवा ठिपका, म्हणजे मशीन चालू. पण आत शिरावं तर पडदा काळाकुट्ट. तिने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, नेटवर्क तपासलं, फायरवॉल तपासली. सगळं ठणठणीत आणि पडदा काळाच.

तेवढ्यात साहेबांचा फोन. संध्याकाळपर्यंत सगळ्या शाखा ताब्यात आल्या नाहीत तर काम बाहेरच्या कंपनीला देतो म्हणाले. त्यांची माणसं निदान जागेवर तरी जातात म्हणे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी नुसतं “बरं” म्हणाली आणि कामाला लागली.

माझा कॉम्प्युटरही तिच्याच ताब्यात असतो. तिने त्यात शिरून पाहिलं, तर तिथेही अंधार. मग उठून माझ्या खोलीत आली.

“मिरची, सकाळी तुझ्या पडद्यावर काही आलं होतं का गं?”

“आलं होतं की. कुठलंसं सॉफ्टवेअर पडदा बघायची आणि माऊस चालवायची परवानगी मागत होतं. मी ‘नाही’ दाबलं. मी काय दुधखुळी आहे?”

वहिनी माझ्याकडे बघत राहिली आणि मग दाराला टेकून खो खो हसत सुटली. अपडेटने जुन्या परवानग्या पुसून टाकल्या होत्या आणि नव्याने विचारलं होतं. हिच्या सगळ्या गुणी शिष्यांनी हिच्याच तोंडावर दार लावलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे? बरं, ती चौकट परत येत नव्हती. सेटिंग उघडून परवानगी द्यायची तर तिथे बसलेल्या माणसानेच, स्वतःच्या हाताने.

तिने फोनवर हे कळवलं तर साहेब म्हणाले, “सोपं आहे, फोन करून द्यायला सांगा.”

“आज माझं ऐकतील, तर उद्या चोराचंही ऐकतील,” वहिनी म्हणाली. “साहेब, मी माझ्या पद्धतीने करते.”

तिची पद्धत अशी. ती शाखेला फोन करायची आणि म्हणायची, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. फोन ठेवा, कॉम्प्युटरवर चिकटवलेल्या नंबरवर तुम्ही फोन करा आणि बघा कोण उचलतं.” नंबराची ती पट्टी तिनेच कधीकाळी प्रत्येक शाखेत पाठवली होती. मग फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. काळे पडदे एकेक करून उजळत गेले. दुपारचं जेवण तिने उभ्या उभ्या उरकलं, तेही मी डोळे वटारले म्हणून.

शेवटी उरली एक शाखा आणि तिथल्या काउंटरवरचे काका. त्यांचं आपलं एकच, “पट्टी कुणीही बदलू शकतं. तुम्हीच सांगितलंय, तुम्ही सांगितलं तरी नाही.”

साहेबांनी स्वतः फोन केला. काकांनी त्यांनाही सुनावलं, “आवाज काय, कुणाचाही काढता येतो.” साहेब भडकले. या माणसाला उद्यापासून कामावरून काढतो, असं वहिनीला सांगून त्यांनी फोन आपटला.

“म्हातारा तुझी नोकरी घालवणार,” मी म्हणाले.

“म्हातारा माझा पहिल्या नंबरचा शिष्य आहे,” वहिनी म्हणाली. तिने ओळखपत्र गळ्यात घातलं. “चल, स्कूटर काढ.”

शाखा बंद व्हायच्या बेतात होती. स्पिरिटचा वास, प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्च्या आणि दोरीचा चष्मा लावलेले काका. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, वहिनीचं तोंड पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. मुख्य ऑफिसला फोन लावून कार्डावरचा क्रमांक पडताळला. मग कुठे उठून खुर्ची दिली.

“आवाजावरून तरुण वाटायचात,” ते म्हणाले.

“फोनवर सगळेच तरुण असतात, काका.”

तिने सेटिंग उघडलं, परवानगी दिली आणि आपला लॅपटॉप उघडून खात्री केली. शेवटची शाखाही ताब्यात आली. तोच फोन वाजला. साहेब होते.

“झालं, साहेब,” वहिनी म्हणाली. “पण काकांना काढणार असाल तर काम खुशाल बाहेरच्या कंपनीला द्या. अशी माणसं तिथे बसलीत म्हणून मला लांबून काम करता येतं. नसली तर माझा काही उपयोग नाही.”

एवढ्या वर्षांची मेहनत तिने एका वाक्यात पणाला लावली होती. पलीकडून साहेबांचं काहीतरी पुटपुटणं. वहिनीने फोन ठेवला आणि पदराने डोळे टिपले. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

“कुणालाही काढत नाहीत. काम माझ्याकडेच राहतंय.”

काका चष्मा पुसत होते. “नंबर कुठला होता?”

वहिनीने फोन पाहिला. नंबर अनोळखी होता. ती काकांकडे बघून ओशाळली आणि तिने निमूटपणे ऑफिसचा नंबर लावला.

“साहेब, माफ करा. मघाशी माझ्याशी बोललात ते तुम्हीच होता ना?”

पलीकडचा आवाज या वेळी मलाही ऐकू आला. “मीच होतो बाई. दुसऱ्याच्या फोनवरून केला होता. आणि बोललो ते पक्कं आहे, काकांनाही सांगा.”