निळ्या टोपीची बारी

दहावीला समाज विज्ञानात मला सगळ्यांत जास्त आवडायचा तो परराष्ट्र धोरणाचा धडा. आवडायचा म्हणजे पाठ होता. ‘आपल्या देशाच्या परराष्ट्र धोरणाची उद्दिष्टे लिहा’ असा प्रश्न दिसला की माझं पेन धावत सुटायचं. जागतिक शांतता, सामूहिक सुरक्षा, शाश्वत विकास, परस्पर सहकार्य. रामनगरच्या मराठी शाळेत, बाहेर गोव्याकडे जाणारे ट्रक हॉर्न मारत असताना मी हे घडाघडा म्हणून दाखवायचे आणि मास्तर खूश व्हायचे. अर्थ विचारायची पद्धत तेव्हा नव्हती. परराष्ट्र म्हणजे दिल्लीत कोट घातलेली माणसं एकमेकांचे हात हलवतात ते, एवढीच माझी समजूत.

पुढे माझं लग्न गुंदच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका वाडीत झालं. नवरा फौजेत. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्याच्या पलटणीला हुकूम आला आणि माझ्या पाठ केलेल्या उत्तरानं माझा नवराच उचलून नेला. आफ्रिकेतल्या एका देशात लढाई थांबता थांबत नव्हती. तिथे बऱ्याच देशांनी मिळून शांतता राखायला सैन्य ठेवलं होतं, त्यात आपलीही तुकडी होती. गणवेश आपलाच, पण डोक्यावर निळी टोपी. त्या टोपीतला फोटो त्यानं पाठवला तेव्हा मी सासूबाईंना दाखवला. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्तींनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

“आन हितली राखण कोन करनार गे?”

प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या वाडीचं सगळं भात एकाच खोलगट जागेत आहे, तिन्ही बाजूंनी रान. कणसं दुधात आली की रानडुकरं आणि गवे संध्याकाळपासूनच काठाला येऊन थांबतात. म्हणून वरच्या बाजूला एक माळा, म्हणजे बांबूचं मचाण, बांधलेला असतो आणि घराघरानं बारी लावून तिथे बसायचं, डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या. डबा एकच, पत्र्याचा, सगळ्या वाडीचा. ज्याची बारी संपली त्यानं सकाळी तो पुढच्या घरी नेऊन द्यायचा. बोलणं असो नसो, डबा पोचला पाहिजे. आणि ज्या घरानं बारी चुकवली त्याच्या शेताची राखण वाडी करत नाही, हा नियम. आमचं शेत नेमकं रानाच्या तोंडाशी. आमच्या घरात पुरुष एकच, तो निळी टोपी घालून परमुलखात. म्हणजे वर्षाचा तांदूळ डुकरांच्या मर्जीवर.

वाडीच्या प्रमुखाला आमच्याकडे बुधवंत म्हणतात. त्यांनी देवळापुढे सगळ्यांना बसवलं आणि आमच्या घराचं काय करायचं ते विचारलं. एका आजोबांनी सरळ सांगून टाकलं, “पोरगा राखनच करतोय न्हवं? हितं काय, थितं काय. त्येची बारी भरली म्हना.”

तेव्हा शेजारचे काका उठले. ह्या काकांचा आणि माझ्या सासऱ्यांचा बांधावरून वाद झाला होता. सासरे गेले, वाद राहिला. काका आमच्या घराशी बोलत नसत. आमच्याबद्दल काही म्हणायचं झालं तर आमच्याकडे पाठ करून दुसऱ्या कुणाला तरी सांगत.

“बुधवंतांनू, त्यास्नी इचारा,” काका म्हणाले, “थितली राखन केल्यावर आमच्या भाताला काय फायदा? थितली मानसं हितं येनार हायत काय डबा बडवायला? आपली गाय आडली तर डाक्टर ती मेल्यावर येतोय. आन थितं म्हनं आमच्या फौजेचा गुरांचा डाक्टर दुसऱ्यांची गुरं तपासत फिरतोय.”

गुरांच्या डॉक्टरची गोष्ट मीच पाणवठ्यावर मोठ्या कौतुकानं सांगितली होती. मला रागही आला आणि खरं सांगायचं तर काकांचं म्हणणं पटलंही. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी उठले आणि दहावीचं उत्तर म्हणून दाखवलं. शांतता, सुरक्षा, शाश्वत विकास, सहकार्य, सगळं. देवळापुढे अशी शांतता पसरली की मला वाटलं, जिंकले.

“डुकरास्नी ह्ये कळवलंय काय,” काका बुधवंतांना म्हणाले, “तेवढं इचारा.”

सगळी वाडी हसली. आत्तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मी लालबुंद होऊन खाली बसले.

बुधवंत मात्र हसले नाहीत. तंबाखू मळत मला म्हणाले, “एक इचारून ये. त्यो जायच्या आदी थितं कोन हुतं?”

विचारून यायचं म्हणजे माळ्यावर चढायचं. आमच्या वाडीत फोनला रेंज नाही. सगळ्या वाडीत एकच जागा अशी आहे जिथे दांडी दिसते, ती म्हणजे राखणीचा माळा. त्यामुळे नवऱ्याशी बोलायला मी तशीही संध्याकाळी तिथेच जायचे. तिकडे तेव्हा दुपार असते. ज्याची बारी असेल तो यायच्या आधी मी बोलून उतरायचे.

त्याच्याशी बोलणं हा एक वैतागच होता. “आज काय केलंस?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “कायबी न्हाई.” एवढ्या लांब जाऊन, बंदूक घेऊन, दिवसभर काहीच नाही? खणून खणून विचारल्यावर एकदा त्यानं लाजत सांगितलं होतं की सकाळी बायकांबरोबर शेतावर जायचं आणि दुपारी त्यांच्याबरोबर परत यायचं, हे त्याचं काम. त्या वाटेवर बंदुका घेतलेली टोळकी बायकांना धरतात. फौज बरोबर असली की येत नाहीत. मी पोट धरून हसले होते. मराठ्यांच्या पलटणीतला गडी आणि बायकांना शेतावर पोचवतो!

पण हे ऐकल्यापासून वाडीतल्या बायकांना त्या बायकांचं वेड लागलं. त्या काय पेरतात? कंद खणतात म्हणे, आपल्या साबूकंदासारखा. मग भाजतात की उकडतात? आपल्या कणगीच्या कंदासारखा पिठूळ लागतो का? टोपली डोक्यावर नेतात की पाठीवर? पोरं कुणाजवळ ठेवतात? मी रोज नवी यादी घेऊन माळा चढायचे आणि तो वैतागायचा. “मला त्यांची भाषा येती काय? हातवारं करून किती इचारू?” तरी विचारून यायचा. कंद कडू असतो, भिजत घालावा लागतो, हे त्यानं असंच हातवारे करून आणलं. वाडीतल्या बायकांनी त्यावर मान डोलावली. रानातले काही कंद आपणही असेच भिजवतो, त्यात विशेष ते काय.

तर बुधवंतांचा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, त्याच्या आधी त्या जागेवर दुसऱ्या एका देशाची पलटण होती. आणि जो देश त्यानं सांगितला त्याच्याशी आपलं कसं आहे ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी उडालेच. “मग तुम्ही भांडला नाही?”

“भांडतोय कशाला? त्यांनी वाटा दाखवल्या, कुठल्या वळनावर जपायचं ते सांगितलं, विहिरीचं काम अर्धं झालं हुतं ते आमच्या ताब्यात दिलं. सलाम केला आन गेले. आमची बारी संपली की आमी पुढच्याला देनार.”

“विहीर कशाला? तुमचं काम राखणीचं ना?”

“विहीर जवळ झाली की बायकांना पान्याला लांब जावं लागत न्हाई. तेवढी वाट राखायची कमी.”

मी फोन ठेवून ते उत्तर पुन्हा मनात म्हणून पाहिलं. माझ्या उत्तरात सुरक्षा दुसऱ्या क्रमांकावर होती आणि शाश्वत विकास तिसऱ्या. ते एकाच विहिरीत सापडतील असं त्या धड्यात कुठेच लिहिलं नव्हतं. निदान मला तरी दिसलं नव्हतं.

देवळापुढे पुन्हा सगळे बसले तेव्हा बुधवंतांना सारं सांगितलं. त्यांनी काकांकडे बघितलं, मग आमच्याकडे. “म्हंजे थितंबी डबाच हाय,” ते म्हणाले. “बोलनं नसलं तरी पोचवत्यात.” मग त्यांनी निकाल दिला. देशाची बारी देशानं भरली, तिचा मान आहे. पण घराची बारी घरानंच भरायची. घरातलं कोण येतं ते घरानं ठरवावं.

निकाल मला आवडला नाही. मी मनातल्या मनात सगळ्या वाडीला शिव्या घातल्या. आत्ती मात्र घरी आल्या आणि कोनाड्यातली बॅटरी पुसायला लागल्या. “बग की, दोगी जाऊ,” म्हणाल्या. बायका माळ्यावर बसल्याचं वाडीनं तोवर पाहिलं नव्हतं. चार दिवस कुजबुज झाली, मग वाडीला सवय झाली.

आमच्या पहिल्या बारीला काय झालं ते सगळ्यांना ऐकायचं होतं. मी डबा बडवला, आत्तींनी हाळ्या दिल्या, मग आत्तींनी डबा बडवला आणि मी हाळ्या दिल्या. रानाच्या काठाला काहीतरी खसफसलं आणि मागे गेलं. सकाळी दव पडलेलं भात जसंच्या तसं उभं होतं. पाणवठ्यावर बायकांनी गराडा घातला, “काय झालं गे?” आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “कायबी नाही.” मग माझं मलाच हसू आलं. नवऱ्याला मी किती महिने ह्याच उत्तरावरून फाडून खात होते!

डबा मी काकांच्या घरी नेला, कारण पुढची बारी त्यांची. त्यांनी तो घेतला, माझ्याकडे न बघता. पुढे एकदा आमच्या आधीच्या घराच्या बदली ते माळ्यावर बसले, तेव्हा तेही आमच्या उंबऱ्यावर डबा ठेवून न बोलता गेले. असं कापणीपर्यंत चाललं असतं.

कापणी अगदी तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. बारी काकांची होती. मी नेहमीप्रमाणे दिवस मावळताना माळ्यावर फोनसाठी गेले. नवऱ्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मी सवयीनं विचारलं, “आज काय?” तो म्हणाला, कालपासून त्यांना दुसऱ्या रस्त्यावर पाठवलं होतं, कुठल्याशा मोठ्या पाहुण्यांच्या बंदोबस्ताला. त्या वाटेवर कुणीच नव्हतं. बायका घरीच थांबल्या. एक थांबली नाही, तिचा कंद काढायला झाला होता. ती परत आली नाही.

“कोणती?” मी विचारलं. जणू त्या मला माहीत होत्या. पण होत्याच.

“भिजवायचं जिनं दाखवलं, ती.” मग तो म्हणाला, “आमची बारी न्हवती त्या वाटेवर. हुकूमच तसा.” हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. मला रडू येत होतं, तेवढं त्याला ऐकवलं. मग रेंज गेली.

मी खाली बघितलं. अंधारून येत होतं आणि काकांचा पत्ता नव्हता. ते सकाळी रामनगरच्या बाजाराला गेले होते आणि शेवटची बस आली नव्हती. डबा त्यांच्या घरी. बारी त्यांची, चुकली असती तर नियम त्यांना लागला असता, आमच्या भाताला काही धोका नव्हता कारण डुकरं त्या दिवसांत काकांच्याच कोपऱ्याला लागली होती. हे सगळं मला नीट कळत होतं. तरी मी उतरले नाही. माळ्याच्या बांबूवर दगड आपटत राहिले आणि घसा फुटेस्तोवर हाळ्या देत राहिले. नवऱ्यावरचा राग, त्या हुकमावरचा राग, सगळा त्या बांबूवर काढला.

काका आले ते धापा टाकत, एका हातात पिशवी, एका हातात डबा. वर बघून खालीच थांबले. आजूबाजूला तिसरं कुणी नव्हतं, ज्याच्यामार्फत माझ्याशी बोलता आलं असतं.

“आज तुजी बारी हुती काय?” ते म्हणाले. ते माझ्याशी प्रथमच बोलत होते.

“नव्हती,” मी म्हणाले.

ते वर आले, डबा दोघांच्या मधे ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्या बाईचं, वाटेचं, हुकमाचं. काका खालच्या काळोखात त्यांचा कोपरा कुठे असेल तिकडे बघत बसले.

“तिचा कंद काढायचा ऱ्हायला आसंल,” ते म्हणाले. “आता कोन राखतंय तिचं शेत? उद्या फोन आला की त्येवढं इचार त्येला.”