बाकावर बाईंच्या शेजारी

मी मनमाडला दहावी झाले आणि वडिलांना नाशिकच्या एका चर्चमध्ये रखवालदाराचं काम मिळालं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहू लागलो. चर्चच्या मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका मला स्वतः कॉलेजात घेऊन गेल्या, फॉर्म भरून दिला, पुढे वर्षानुवर्षं पुस्तकं पुरवली. घरात पदवी घेणारी मी पहिली, ती या बाईंमुळेच. हे मी आजही कोणालाही सांगते.

नोकरी लागल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत मला पहिल्यांदा बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला उभं केलं. निंदा करणाऱ्याला उलटून बोलू नका, त्याचं भलं मागा, असा तो भाग होता. उपासनेनंतर अंगणात चहा चालला होता. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रखवालदाराची पोर वर चढली वाचायला. आता बाक कोण पुसणार गं? आम्हीच का?"

लोक हसले. चहाचा ट्रे धरलेली आईही हसली.

घरी मी रडले. आई म्हणाली, "त्यांनी तुला माणसात आणलं. त्यांना काय बोलणार आपण? आणि सकाळी तूच वाचलंस ना?"

मी बाईंशी पूर्वीसारखीच वागत राहिले. मंडळी म्हणू लागली, केवढी सोशिक मुलगी! मनातल्या मनात मात्र मी बाईंना रोज टाकून बोलत होते. उपकारांमुळे तोंड उघडत नव्हतं, एवढंच.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी मला जागा मिळाली ती भिंत आणि बाई यांच्या मधली. "कोणाविषयी मनात काही असेल तर आधी मिटवा," पाळकसाहेब म्हणाले. प्रभुभोजनात येशूच्या आठवणीसाठी भाकर वाटतात; आमच्याकडे तिचा तुकडा हातात धरून थांबतात, मग सगळे एकदम खातात. बाईंनी आपला तुकडा घेऊन ताट माझ्यापुढे धरलं. मनात राग ठेवून घेतला तर ते खोटं होतं. नाही घेतला तर आईला मागून दिसणार होतं.

मी नुसतीच मान हलवली.

"काय गं, बरं नाही का?" बाई कुजबुजल्या.

"बाई, तुमचं त्या दिवशीचं बोलणं लागलं मला. उलटून बोलायचं नाहीये. पण माफही करता येत नाहीये अजून."

"अगं, गंमत केली मी."

"आई तिथेच उभी होती, बाई."

त्या समोर बघू लागल्या. सगळ्यांनी तुकडा तोंडात टाकला. तुकडा धरलेली बाईंची मूठ मांडीवर मिटलेलीच राहिली. मला उठून जायचं होतं, पण त्यांना ओलांडल्याशिवाय वाट नव्हती.