दोन प्रजाती, एक पोस्टर

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी उल्हासनगरच्या एका नाल्यातला चिखल मी बाटलीत भरून आणला. कपडे रंगवणाऱ्या वर्कशॉप्सचं पाणी त्यात येतं. त्या चिखलात जीवाणूंच्या दोन प्रजाती सापडल्या. पहिली रंग तोडते, पण तोडल्यावर जे उरतं ते तिलाच विषारी. दुसरी नेमकं तेच खाते. दोघी एकत्र असल्या की फ्लास्कमधलं निळं पाणी चार दिवसांत स्वच्छ. पहिली एकटी असली की दुसऱ्याच दिवशी मरगळायची. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. एकीचा कचरा ते दुसरीचं जेवण, आणि असंख्य पिढ्या शेजारी काढून दुसरी स्वतःला लागणारं बरंच काही बनवायचं विसरलेली.

माझी प्रोजेक्ट पार्टनर बदलापूरच्या कात्रपची. आमचं वाटप पहिल्याच आठवड्यात ठरलं. लॅब मी, बोलणं ती.

"तू बोलायला उभी राहिलीस की माइकला पण झोप येते यार," ती म्हणायची. मी हसायचे. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटायचं.

विभागात पीएचडीची एकच जागा होती. स्पर्धेतलं पोस्टर बघून ठरवू, असं आमचे गाइड सर म्हणाले होते. पोस्टर छापून आणणं बोलण्यातच धरलेलं, म्हणजे तिच्याकडे. स्पर्धेच्या सकाळी मी ते भिंतीवर पाहिलं. जीवाणू वाढवलेली प्लेट माझी, फोटो माझा, फोटोच्या कोपऱ्यात माझं बोटसुद्धा. नाव तिचं एकटीचं. मी अगदी खाली, आभारांत, लॅबमधल्या काकांच्या नंतर.

"अगं, सरच म्हणाले, एकच नाव टाक. तू तशीही स्टेजवर येणार नव्हतीस ना?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

जागा तिला मिळाली. महिन्याभराने सर्टिफिकेट घ्यायला गेले तेव्हा सर सहज म्हणाले, "दोघींनी केलं होतं ना? मग दोन नावं का नाही टाकली तुम्ही?"

आता मी अंबरनाथच्या एका कंपनीत पाण्याचे नमुने तपासते. गेल्या मंगळवारी तिचा फोन आला.

"ऐक ना, ती दुसरी प्रजाती उगवतच नाहीये. चार वेळा प्लेट केली. सर रोज विचारतायत."

दुसरी एकटी उगवत नाहीच. पहिली ज्यात वाढली ते पाणी गाळून मीडियात, म्हणजे प्लेटमधल्या तिच्या खाद्यात, घालावं लागतं. मी ते इतक्या सवयीने करायचे की वहीत लिहायचं राहून गेलं, आणि तिने कधी शेजारी उभं राहून पाहिलं नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"टेंपरेचर बदलून बघ," मी म्हणाले.

"थँक्स यार. तू आहेस म्हणून."