जीपच्या बॅटरीला भिरंडेल

आमची जीप दारात कधी उभी राहिलीच नाही. तिची जागा उतारावर, फणसाखाली, चाकाला एक मोठा दगड लावून. किल्ली फिरवली की ती नुसती ‘टक’ करायची आणि गप्प बसायची. मग दगड काढायचा, उतारावरून गाडी सोडायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की आचके देत चालू. कुंभारवाड्यात आमच्या बाजूला बस नावालाच येते, त्यामुळे जोयड्याला जाणारे लोक जीपचे नखरे मुकाट सोसायचे. वाटेत बंद पडली तर कुणी सांगायच्या आत उतरून मागे जायचे. नवरा म्हणायचा, जीपचा स्वभावच तसा. माझ्या मते तो नवऱ्याचा स्वभाव होता. जे ढकलून चालतंय ते दुरुस्त कशाला करायचं?

मी गाडी शिकले ती घरामागच्या माळावर. पुढे लायसन्सही काढलं. पण रस्त्यावर एकटीनं न्यायचं म्हटलं की नवरा म्हणायचा, आधी ढकलायला चार माणसं बघून ठेव, आणि वर हसायचा. ते हसणं मला मिरचीसारखं झोंबायचं.

यंदा सुरण काढताना तो स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडला आणि पाय मुरगळून बसला. दुसऱ्याच दिवशी जोयड्याला कंदांचं प्रदर्शन होतं. सासूबाईंचं कोनफळ यंदा असं पोसलं होतं, की त्यांनी ते जुन्या लुगड्यात गुंडाळून तान्ह्या पोरासारखं माजघरात निजवलं होतं. दरवर्षी पलीकडच्या वाडीतली एक बाई बक्षीस घेऊन जाते, हे त्यांना फार लागलेलं. वाडीतला दुसरा जीपवाला लग्नाचं भाडं घेऊन रामनगरला गेलेला. मी म्हटलं, मी नेते. नवरा हसला नाही, पण बॅटरीच गेलीय, नवी घेतल्याशिवाय जमणार नाही, असं म्हणून त्यानं विषय मिटवला.

मला राग आला की मी घासायला घेते. भांडी, चूल, जे समोर असेल ते. त्या दुपारी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हिरवट-पांढरी भुकटी अशी फुगली होती, की लोणच्यावर असती तर सासूबाईंनी मला माहेरी धाडलं असतं. एका टोकाची पकड ढिली, म्हणून नवऱ्यानं त्यात तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाचर मारली होती. रामनगरच्या गॅरेजात एकदा हीच भुकटी सोड्याच्या पाण्यानं धुताना मी पाहिलं होतं. मी खायचा सोडा, गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन आले.

नवरा पडवीत पाय उशीवर ठेवून सूचना देत होता. हातातल्या धातूच्या बांगड्या काढ, पाना दोन्हीकडे टेकला तर ठिणगी उडेल. आधी वजाची वायर सोडव, जोडताना ती शेवटी. बॅटरीची बुचं घट्ट आहेत ना बघ, आत सोडा जाता कामा नये. आणि ती भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नको. एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसानं इतकी वर्षं दगड उचलत काढली, याचं मला हसू आलं. सोड्याचं पाणी ओतताच भुकटी फसफसली आणि खाली राखाडी शिसं दिसायला लागलं. मग साध्या पाण्यानं धुतलं, पुसून कोरडं केलं, पॉलिश पेपरनं पकडी आतून घासल्या, पाचर फेकून दिली आणि नट आवळले.

वरून लावायला ग्रीस नव्हतं. व्हॅसलीनची डबी रिकामी. घरात तेलकट म्हणून एकच वस्तू, सासूबाईंचं भिरंडेल. कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल त्या भेगाळलेल्या टाचांना लावतात आणि इतर कुणाला बोट लावू देत नाहीत. मी मागितलं. त्यांनी माजघरातल्या कोनफळाकडे पाहिलं आणि गोळाच आणून दिला. म्हणाल्या, माझ्या टाचा ऱ्हाऊ देत तशाच.

मी दोन्ही टोकांवर जाडसर थर दिला आणि किल्ली फिरवली. जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मी आनंदानं वेड्यासारखी हॉर्न वाजवत बसले. नवरा म्हणाला, इथं झाली, रस्त्यात बघू.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कोनफळ मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसल्या. जंगलातल्या सपाट रस्त्यावर म्हशी आडव्या आल्या, माझा पाय क्लचवरून सटकला आणि इंजिन बंद पडलं. इथं ढकलायला कोण? मागे वळून पाहिलं तर बाकावर नुसतं कोनफळ. सासूबाई कधीच उतरल्या होत्या आणि पदर खोचून, दोन्ही हात जीपला लावून मागे उभ्या होत्या. म्हशी बाजूला झाल्या. मी किल्ली फिरवली. जीप लगेच सुरू झाली, मी ती थोडी पुढे घेतली, आणि आरशात सासूबाई दिसल्या. हात तसेच पुढे धरून रस्त्यात एकट्याच. मला हसू आवरेना. त्या चालत आल्या, कोनफळ उचललं आणि पुढच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. ती जागा आजवर पाहुण्यांची होती.

बक्षीस पलीकडच्या वाडीच्या बाईलाच गेलं. सासूबाई दोन वळणं घुश्शात होत्या, मग म्हणाल्या की तिचं कोनफळ आतनं पोकळ असणार.

घर जवळ आलं तेव्हा नवरा काठी टेकत, लंगडत उतारावर येऊन थांबलेला दिसला. फणसाखाली, पायाशी दगड तयार ठेवून. मी वेग कमी केला. सवयीनं हात तिकडे वळणारच होते, पण सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“दगड ऱ्हाऊ दे रे. ती दारात लावणार हाय.”

मी जीप सपाट अंगणात नेली आणि इंजिन बंद केलं.