पाटीच्या अलीकडे

मतदार यादीचं काम आलं की शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांची तोंडं वाकडी होतात. मला मात्र मनातून बरं वाटतं. मी जात्याच चौकशीखोर, आणि त्या दिवसांत लोकांच्या घरात सरकारी हक्कानं डोकावायला मिळतं.

जालन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक सिंधी कुटुंब राहतं. नवरा, बायको, मुलगी. बाजारात कापडाचं दुकान. त्या बाईंना अख्खी गल्ली भाभी म्हणते. यादीत नवरा होता, मुलगी होती, भाभी नव्हत्या. राहून गेलं असेल, असं समजून मी नवा अर्ज काढला आणि त्यांना न विचारताच भरायला बसले. पत्ता मला पाठच होता. भाभी चहा घेऊन आल्या, कागदाकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"बाई, हे नका भरू. खाली लिहिलेलं असतंय, मी भारताची नागरिक हाय म्हणून. मी न्हाई. खोटी सही सापडली तर माझा खरा अर्ज बाद होईल."

मला आधी चेष्टाच वाटली. शाळेत शिकवून शिकवून माझी बोली गुळगुळीत झाली आहे. भाभींची मात्र पक्की जालन्याची. पण त्या हसत नव्हत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्या सिंधमधून लग्न होऊन इथे आल्या. नागरिकत्वासाठी अर्ज केला, तेव्हा तिकडचा पासपोर्ट परत करावा लागला. तो केला. इकडचा दाखला काही आला नाही. तेव्हापासून त्या तिकडच्याही नाहीत आणि इकडच्याही नाहीत. हातात फक्त राहण्याच्या परवानगीचा कागद, आणि त्यालाही दर थोड्या दिवसांनी मुदतवाढ लागते.

मग मी प्रश्नांचा भडिमार केला. गॅस कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या. मोबाइल? मुलीच्या. मुलगी इथली नागरिक कशी? तिचा जन्म इथला, बाप इथला. भाभी न कंटाळता सांगत होत्या. चांगुलपणाच्या भरात मी त्यांचं वाटोळंच करणार होते, हे मला घरी आल्यावर नीट कळलं.

आमच्या बौद्ध घरात संविधानाची प्रत आजोबांच्या वेळेपासून आहे, आणि ती हार घालायला नाही, वाचायला आहे. मी पेन्सिल घेऊन बसले. काही हक्क 'व्यक्ती'ला दिलेत, काही फक्त 'नागरिकां'ना. कायद्यापुढची समानता, जिवाचं रक्षण, हे भाभींनाही होतं. देशभर मोकळं फिरणं नव्हतं. इतकी वर्षं मी मुलांना हक्क शिकवत होते आणि हा फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता. मला माझाच राग आला.

त्याच वर्षी भाभींच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा छत्रपती संभाजीनगरचा, हॉलही तिथलाच धरलेला. आणि नेमकी भाभींची मुदतवाढ लांबली. कागद येईपर्यंत जिल्ह्याबाहेर जाऊ नका, असं त्यांना परवानगीच्या कचेरीतल्या माणसानं सांगितलं. मी त्यांच्यासोबत पुन्हा गेले आणि हे कुठे लिहिलंय ते विचारलं. माणूस भला होता. बघावं लागेल म्हणाला, पण बाई, रिस्क घेऊ नका. भाभींनी रिस्क घेतलीच नसती. मुलगी मात्र अडून बसली, आई नसेल तर लग्न नाही.

आता मला एकच प्रश्न लागला होता: जिल्हा संपतो तरी कुठे? एका रविवारी माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी संभाजीनगरचा रस्ता धरला. बदनापूर मागे पडलं, आणखी थोडं गेलो, तर रस्त्याच्या कडेला हद्दीची पाटी. अलीकडे कापूस, पलीकडे कापूस. म्हणजे लग्न बदनापूरला लागलं तर भाभी जिल्ह्यातच राहणार होत्या. भाभींच्या नवऱ्यानं व्याह्यांना जाऊन सगळं खरं सांगितलं. व्याही म्हणाले, जालना आमच्या पाहुण्यांना लांब पडेल, पण वऱ्हाड आम्ही पाटीच्या अलीकडे आणतो.

लग्न बदनापूरला लागलं. भाभींनी लेकीचा हात स्वतःच्या हातानं जावयाच्या हातात दिला. मी रडले, भाभी नाही रडल्या. गाडी संभाजीनगरकडे वळली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही जाऊन या तिच्याकडं एकदा. फोनवर ती मला चांगलं चांगलंच दाखवती. तुम्ही बराबर चौकशी करता."

माझ्या खोडीची अशी तारीफ कुणी कधी केली नव्हती. महिन्याभरानं मी गेले. लेकीच्या स्वयंपाकघरात बसले, डबे उघडून पाहिले, खिडकी कुठल्या बाजूला उघडते ते पाहिलं, सासूशी तासभर बोलले. परत येऊन भाभींना एकेक गोष्ट सांगितली. ओट्याची उंची लेकीला बरोबर येते, सकाळचं ऊन येतं, सासू तिला नावानं हाक मारते. भाभी डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच थांबवून खिडकीचं पुन्हा सांगायला लावलं.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि ती पाटी? ती ओलांडताना कसं वाटतंय, बाई?"

जाताना ती पाटी नीट बघायची, असं ठरवून मी खिडकीची जागा धरली होती. पण बस बदनापूरच्या पुढे गेली आणि मला झोप लागली. येतानाही तसंच झालं.