पर्यायबाई आणि टोस्ट

ऑफिसात तिला सगळे पर्यायबाई म्हणत. ती सरकारच्या स्पर्धा आयोगात अर्थतज्ज्ञ होती. दोन कंपन्या एक होऊ लागल्या की भाव चढतील का, गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येईल का, हे शोधायचं तिचं काम. लग्नाचं स्थळ आलं तेव्हाही तिने आईला विचारलं होतं, "याला पर्याय काय?" आईने कपाळावर हात मारला आणि स्थळाने पर्याय शोधला.

हुशारीत ती कुणाला ऐकणारी नव्हती, पण आयोगापुढे हरायची मात्र नेमाने. ती आलेख मांडायची, अध्यक्ष जांभया द्यायचे. आता दोन बड्या बिस्किट कंपन्या लग्नाला उभ्या होत्या. साहेबांनी बजावलं होतं, "ही केस गेली तर तुमचा विभाग बंद. तुम्ही ग्रंथालयात." ग्रंथालय म्हणजे तळघरातली खोली, जिथे पंखासुद्धा उपकार केल्यासारखा फिरे.

कंपन्यांचा वकील तोंडाचा भारी. "बिस्किटं महागली तर लोक टोस्ट खातील. शेवटी चहात बुडवायचंच ना?" दोन दिवस त्याने हेच दळण दळलं आणि अध्यक्ष माना डोलावत राहिले. तिचे आलेख म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कँटीनवाल्याच्या कानाला लागली.

दुपारी सुनावणी चालू असतानाच चहा आला. बशीत नुसते टोस्ट. वकिलाने तोंड वाकडं केलं.

"बिस्किटं नाहीत का हो?"

"टोस्ट घ्या की," ती म्हणाली.

"छे, टोस्ट कोण खातं? त्यापेक्षा नुसता चहा बरा."

अध्यक्षांची जांभई अर्ध्यावरच थांबली. "वकीलसाहेब, हे नोंदवून घेऊ का?"

लग्न मोडलं. ती इतकी खूश झाली की कँटीनवाल्याला पेढ्यांऐवजी बिस्किटांचा डबाच दिला.

महिन्याभराने संध्याकाळी ती घरी आली, तर आईने चहाबरोबर टोस्ट ठेवला.

"बिस्किटं संपली?"

"महागली. दोन्ही कंपन्यांची, एकाच दिवशी, सारखीच. तू ती केस जिंकली होतीस ना गं?"

म्हणजे यांनी बिनलग्नाचाच संसार थाटला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग हळूच लक्षात आलं, हे छुपं संगनमत उकरून काढायचं काम आपल्याच विभागाकडे येणार, म्हणजे आता पाचेक वर्षं तरी विभाग बंद होत नाही. त्या आनंदाची तिला लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही. तिने टोस्ट चहात बुडवला. पर्याय नव्हता.